म्हणेकाकांना अनावृत पत्र

ति. म्हणेकाका
(मुक्काम : सोसायटीच्या फाटकाजवळचा बाक) यांस,

सा. न. वि. वि.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी परवा दोन बॅगा घेऊन माहेरी आली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून आली. पण इतकं बेचव कारण तुमच्यासारख्या जाणकाराला कसं पटावं? दुपारी बाकावर ‘भांडून आली म्हणे’ झालं. दिवेलागणीला ‘वकील गाठलाय म्हणे’ झालं. आई डोळ्याला हिरवी पट्टी लावून परतली, तेव्हा ‘रडून रडून डोळे गेले म्हणे’पर्यंत मजल गेली. राईचा पर्वत करणारे पुष्कळ पाहिले. तुम्हाला राईसुद्धा लागत नाही!

गप्पांना कुणाची ना नाही. कोण आजारी, कुणाकडे अडचण, हे बाकावर कळतं म्हणून तर वेळेला चार माणसं धावून जातात. तुम्ही त्यात फक्त पदरचं तिखटमीठ घालता, तेही फुकट. वर ‘मी नाही हं, लोक म्हणतात’ म्हणून नामानिराळे!

कायदा मात्र तुमच्याइतका रसिक नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ तोंडी बदनामीलाही लागू होतं. कैद दोन वर्षांपर्यंत. ‘एक तर नवऱ्यानं हाकललं, नाहीतर हीच निघून आली’ असं दुहेरी बोलणं किंवा उपरोधाचा टोमणाही बदनामी ठरू शकतो, असं त्यात स्पष्ट आहे. (उपरोधाचं वाचून माझाही हात आखडला, म्हणून तुमचं खरं नाव गाळलंय.)

‘बोलण्यानं का कुणी मरतं?’ असं म्हणाल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागायला आले होते. ती अफवाही ‘लोक म्हणतात’ म्हणूनच फिरली असणार.

तेव्हा काका, खरंच काळजी असेल तर तिसऱ्या मजल्यावर जा, बेल वाजवा, ‘ऑपरेशन कसं झालं?’ विचारा. चहा मिळेल. बाकावर नेण्याजोगं काही मिळणार नाही, एवढं सोसा.

लोभ आहेच, तो आणखी वाढवू नये.

आपला,
पुढचा नंबर लागलेला एक शेजारी

ता. क. हे पत्र बी विंगमधल्या कुणावर तरी आहे, अशी कंडी तुम्ही संध्याकाळपर्यंत पिकवालच. ठरलेल्या वेळी बाकावर ऐकायला येतो.