दत्तक कुटुंब क्र. ११७

अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढच्या एका वाडीत आमची मावशी राहते. तिच्या दाराच्या चौकटीवर गणपतीच्या फरशीशेजारी एके दिवशी एक पत्र्याची पाटी आली. ‘दत्तक कुटुंब क्र. ११७’. मावशीचं वय तेव्हा ७२. तिला दत्तक घेणाऱ्या मुलाचं वय १९, शिक्षण एमबीबीएस पहिलं वर्ष, मिशी नुकती फुटलेली. मेडिकलच्या पोरांनी गावातली कुटुंबं ‘दत्तक’ घ्यायची, असं त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे.

दत्तक हा शब्द मावशीला चांगला ठाऊक आहे. आमच्या भावकीत एक दत्तक झालं होतं, त्यापायी दीड एकर भातखाचरासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्यामुळे पाटी ठोकत असतानाच तिने विचारलं, “सातबाऱ्यावं नाव लावायचं का याचं?” नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मग पोराला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “लगीन झालं का रं?” पोरगा लाजून नाही म्हणाला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग येवढ्यात आशा कशापायी सोडली, बाबा?”

तिचं काय चुकलं? दत्तक घेतं कोण, तर ज्याला पोटी काही नाही तो. कॉलेजाच्या पोटी इमारत आहे, बस आहे, फी आहे; रुग्ण तेवढे नाहीत. १५० जागांच्या कॉलेजात प्रत्येकाने पाच कुटुंबं घ्यायची ठरवली तर दर बॅचला ७५० कुटुंबं लागतात. मावशीच्या वाडीत उंबरे ४१. त्यात निम्म्या घरांना आवणी संपली की कुलूप. माणसं नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर. मग उरलेल्या म्हाताऱ्यांवर झुंबड उडते. मावशीच्या शेजारणीच्या दारावर आज दोन कॉलेजांच्या दोन पाट्या आहेत. तिला कोणी विचारलं की ती सांगते, “म्या दोन्हीकडची.”

मी ‘हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६’ काढून वाचला. (संध्याकाळी सहाला शेवटची गाडी गेल्यावर अकोल्यात दुसरं करायचं काय?) दत्तक जाणाऱ्याची पंधरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत आणि लग्न झालेलं नसावं, रूढी असेल तरच सूट. पुरुषाने स्त्रीला दत्तक घ्यायचं तर तो तिच्यापेक्षा किमान २१ वर्षांनी मोठा हवा. इथे अंतर ५३ वर्षांचं आहे, दिशा तेवढी चुकली. एकाच वेळी दोघांनी एकाला दत्तक घेता येत नाही. म्हणजे शेजारीण बाद. घेणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. सज्ञान आहे. रात्री दोनपर्यंत ॲनाटॉमी पाठ करून सकाळी सातला बसमध्ये बसवलेल्या पोराच्या शुद्धीबद्दल मात्र मी लिहून देणार नाही. कायद्याच्या नावातच दोन शब्द आहेत, दत्तक आणि निर्वाह. कॉलेजने पहिला उचलला. दुसरा बहुधा अभ्यासक्रमात नाही.

अभ्यासक्रमात तास आहेत. पहिल्या वर्षी २७, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २१, एकूण ७८. दुसऱ्या वर्षी माया वाढते आणि तिसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आली की आटते, हे खऱ्या बापालेकांसारखंच झालं. पण या तासांचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटो म्हणजे जिओटॅग. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ छापून आलेला. मावशीच्या अंगणात मोबाइलला रेंज नाही. रेंज वरच्या टेकडावर, आंब्याखाली. म्हणून एका खेपेला ‘उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धांची गृहभेट’ या कार्यक्रमात उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धेला घरातून उठवून टेकडावर नेलं. पुढे बॅनर धरलेली दोन पोरं, मधे मावशी, मागे मास्तर. आंब्याखाली पोचल्यावर तिच्या हातात बॅनरचं एक टोक दिलं. एकाचे डोळे मिटले म्हणून दुसरा फोटो, बॅनर उलटा आला म्हणून तिसरा, मास्तर उन्हात काळे दिसले म्हणून चौथा. मग जागच्या जागी दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं. भरपूर आलं. येणारच, चढून गेलं असतं तर त्या टेकडाचंही आलं असतं! पोराने ते लॉगबुकात लिहिलं, मास्तरांनी लगेच सही ठोकली. मावशीने विचारलं, “किती हाये, बाबा?” पोरगा म्हणाला, “सरांना विचारून सांगतो.” तिसऱ्या वर्षापर्यंत त्याने विचारलं नव्हतं. तिचे अक्षांश-रेखांश कॉलेजच्या फाइलीत सेकंदापर्यंत नोंदलेले आहेत. तिचं प्रेशर तिला माहीत नाही.

पोरावर माझा राग नाही. गुणाचं पोरगं होतं, जाताना मावशीच्या पाया पडायचं. पट्टा कोपराच्या किती वर बांधायचा, हे तो तिच्याच दंडावर शिकला. पहिल्या वेळी एवढा फुगवला की मावशीची बोटं बधिर झाली, तरी ती हूं की चूं न करता बसून राहिली, पोराचे मार्क जाऊ नयेत म्हणून. शिकवणीचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, याचा हिशेब एकदा व्हायला हवा.

त्या बसमधून कधीकधी एक थोरला डॉक्टरही उतरतो. तो एमडी करतो आणि त्याला थीसिस लागते. दत्तक गाव हाताशी असल्यावर थीसिसला तोटा नाही. ४० प्रश्नांची प्रश्नावली, विषय सर्पदंश. ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. मावशीला पैकीच्या पैकी. साप चावला तर काय कराल? दवाखान्यात नेऊ. मांत्रिकाकडे जाल का? नाय. जखम कापाल का, घट्ट आवळून बांधाल का? नाय. ज्ञान समाधानकारक, दृष्टिकोन सकारात्मक. मागच्या पावसाळ्यात कोणाला चावला होता का? व्हय, पुतण्याला, मण्यार, रातच्याला निजला व्हता. किती वेळात नेलं? सकाळी. सकाळी? आचरण असमाधानकारक.

निष्कर्ष : ग्रामीण भागात जनजागृतीची गरज आहे.

अहो, कसली जागृती? त्या रात्री अख्खी वाडी जागी होती! पुतण्याच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा सगळे जागे होते. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी चाललं होतं, जीपवाला पलीकडे होता आणि पलीकडच्या दवाखान्यात लस आहे की नाही हे सांगायला फोन उचलणारा कोणी नव्हता. ४० प्रश्नांत गाडीचा प्रश्न नाही. पुलाचा नाही. रात्री डॉक्टर असतो का, लस असते का, प्रेशरच्या गोळ्या महिन्यातले किती दिवस मिळतात, हे नाही. कसं असेल? त्याची उत्तरं मावशीला द्यायची नाहीत, दुसऱ्या कोणाला द्यायची आहेत, आणि त्या कोणाच्या दारावर पाटी ठोकायची छाती कोणाची होत नाही. म्हणून दरवर्षी नवी बस येते, नवी प्रश्नावली येते आणि पहाटे चारला पाण्यासाठी उठणाऱ्या बाईला जागं करायची शिफारस छापून येते. मग त्या शिफारशीवर कोणी तरी सहयोगी प्राध्यापक होतो.

आणि याच पोरांतलं सरकारी कॉलेजात शिकलेलं एखादं डॉक्टर झालं, की एक वर्ष गावात काम करायचं बंधपत्र असतं. पूर्वी ते चुकवायला दहा लाख भरायची सोय होती. भरणारे भरायचेच. पुतण्या वाचला, पण त्या पावसाळ्यात राजूरपर्यंतच्या जीपला आणि पुढे संगमनेरला जे पैसे गेले त्यात मावशीची म्हैस गेली. तिच्या हिशेबात दहा लाख म्हणजे किती म्हशी, ते तिनेच बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

यंदा नवी बॅच आली. जुना बाप कुठल्याशा पोस्टिंगला गेला, मावशीने त्याच्यासाठी बांधून ठेवलेला तांदूळ तसाच राहिला. नव्या पोराने सुरुवात केली, “आजी, नाव काय? वय? कुटुंबात माणसं किती?” मग तो पाटी शोधू लागला. चौकटीवर ती नव्हती. पावसाळ्यात खुराड्याचं दार कुजलं, तेव्हा मावशीने पत्रा काढून तिथे बसवला, चांगला जाड आहे म्हणते. पोरगा अंगणाच्या कोपऱ्यात गेला, पाटीवरचा क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला, आणि वाकून आतल्या कोंबड्या मोजायला लागला.