शकुंतलेची चाल

मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या शकुंतलेला 76 किलोमीटर कापायला चार तास लागत. ताशी वेगाचा हिशेब ज्याला करायचा त्यानं करावा. आम्ही वऱ्हाडातली माणसं ‘दुपारपर्यंत पोचतो’ एवढंच सांगून निघत असू, आणि आमच्याकडची दुपार चांगली ऐसपैस असते.

तिचा स्वभाव कळायचा तो फाटकावर. फाटकाला वेगळा माणूस नसे. गाडी अलीकडे थांबे, गाडीतलाच एकजण खाली उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राही. तो फाटक उघडी, हात झटकी आणि सावकाश चालत येऊन डब्यात बसे. रस्त्यावर तेव्हा असे काय, तर फार झालं तर एक बैलगाडी. रिकाम्या रस्त्याचा एवढा मान राखणारं वाहन मी दुसरं पाहिलं नाही. तिकिटं देणारा, झेंडी दाखवणारा, इंजिन सोडवणारा, सगळी माणसं गाडीतूनच यायची. स्टेशन म्हणजे एरवी एक निंब, एक बाक आणि पिवळी पाटी. त्याचा कारभार गाडीबरोबर गावोगाव हिंडायचा आणि जाताना परत डब्यात चढायचा.

इंजिन 1921 सालचं, मँचेस्टरमध्ये घडवलेलं. वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे तिकडच्या गिरण्यांत गेला आणि तिकडून हे धुराडं आलं. सौदा बरोबरीचा नव्हता, पण त्याचा राग इंजिनावर काढणं कुणाच्या मनात आलं नाही. धूर आमच्या पाथ्रोटच्या रानात लांबून दिसे. तो दिसला की आजी चूल विझवी, मग वेणी घाली, मग कुलूप शोधू लागे. “अवो, गाडी आली नं!” म्हटलं की म्हणे, “धूर आला, गाडी कुठं आली?” 1994 मध्ये डिझेलचं इंजिन लागलं आणि धूर गेला. आजीची सगळी घडीच विस्कटली. त्या वर्षी ती वेणी न घालताच लग्नाला गेली, असं घरात अजून सांगतात.

देशभरच्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी या रुळांची मालकी इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची सरकारनं आणि मोबदला द्यायचा कंपनीला, अशी ती व्यवस्था. आजीला हे कुणी समजावलं नाही. समजावलं असतं तरी ‘आपली गाडी’ म्हणायचं तिनं सोडलं नसतं.

आता गाडी बंद आहे. रुळांत बाभळी उगवल्या आहेत. ब्रॉडगेज करा म्हणून निवेदनं जातात, मीही सही केली आहे. सही करताना मनात आलं, मोठी गाडी पाथ्रोटला थांबेल का? शेजारचे काकाजी मात्र केव्हाच पुढं पोचले होते. कागद माझ्याकडून घेत त्यांनी विचारलं, “मंग सकाळची गाडी कितीले राहीन?”