प्रवेश विनामूल्य, पहिली रांग राखीव

15 ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणजे आपला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात कुणी वाचत बसलेला दिसलाच, तर त्याला नम्रपणे उठवतात. खुर्च्या कार्यक्रमाला हव्या असतात.

'प्रवेश विनामूल्य' असं फलकावर ठळक लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. द्यावा लागतो तो फक्त वेळ. दीपप्रज्वलनाच्या तीन काड्या विझल्यावर पंखा बंद करायचं कुणाला तरी सुचतं. मग शाल, श्रीफळ. प्रास्ताविक करणारे अध्यक्षांच्या वाट्याचंही बोलून घेतात. उरलेल्या पंधरा मिनिटांत वक्त्याने वाचनसंस्कृती वाचवायची. समोर सत्तरीपुढची, रोज तीन पेपर संपवणारी मंडळी. वाचा म्हणून तो सांगतो तेही त्यांनाच!

मग फोटो. 1967च्या ग्रंथालय कायद्याच्या कृपेने अनुदान आलं, त्यामागोमाग अहवाल आला. अहवालात गर्दी दिसायला हवी, म्हणून शेजारच्या शाळेची सहावी 'ब' आणून बसवलेली. त्यातल्या एकाने कपाटातलं पुस्तक मागितलं.

"आज नाही रे बाळा," ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आज कार्यक्रम आहे ना!"