अंदाज आणि कॉस्टिक

रसायनशास्त्राच्या निवृत्त मास्तरला गावात गिऱ्हाईक नसतं. डॉक्टरला लोक भाजी घेतानासुद्धा पोटदुखी सांगतात, वकिलाला लग्नाच्या पंगतीत जमिनीचा उतारा दाखवतात. बेन्झीनविषयी मात्र आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. गेल्या काही वर्षांत बेळगावच्या टिळकवाडीत माझे दिवस पालटले. रेल्वेच्या पहिल्या गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत ज्याच्या त्याच्या घरी साबण होऊ लागला, आणि त्यातला जो बिघडतो तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे येतो. "सर, ह्याला काय झालंय बघा की."

निदान बहुधा घरीच झालेलं असतं. तेलवाल्यानं फसवलं, नळाचं पाणी बदललं, नाहीतर जाऊबाईंची नजर लागली. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. संशयितांच्या या यादीत एक नाव कधीच नसतं, ते म्हणजे वजनकाट्याचं. कारण काटा बहुतेक घरांत नसतोच.

मागच्या गल्लीतल्या वहिनींनी एक वडी आणली. दिसायला देखणी, पण हात धुतले की चरचरतं. "खोबरेल केवढ्याला झालंय सर! म्हणून निम्मं शेंगतेल घातलं. बाकी सगळं होतं तसंच की."

बाकी सगळं होतं तसंच ठेवलं, हाच त्या वडीचा रोग. तेल म्हणजे तेल, असं आपण धरून चालतो; कॉस्टिक तसं धरत नाही. एक किलो खोबरेलाचा पुरता साबण व्हायला १८३ ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा लागतो. शेंगतेलाला १३६ पुरतो, एरंडेलाला १२८. खोबरेलातली मेदाम्लं आखूड साखळीची असल्यामुळे तेवढ्याच वजनात त्यांचे रेणू जास्त बसतात, आणि प्रत्येक रेणूमागे कॉस्टिकचा वाटा ठरलेला असतो. शिवाय हिशेबापेक्षा पाच टक्के कॉस्टिक कमीच घालायचा, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडीला सांभाळून घेतं. वहिनींचं माप किलोभर खोबरेलाचं, १७४ ग्रॅमचं. निम्मं शेंगतेल आल्यावर सगळं तेल संपवायलासुद्धा १६० ग्रॅम पुष्कळ झाले. उरलेले चौदा ग्रॅम त्या देखण्या वडीत मोकाट फिरत होते.

यावर उपाय आहे. साबण किसून, थोडं पाणी घालून, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर मऊ करायचा आणि त्यात १७५ ग्रॅम शेंगतेल घोटायचं. वडी मग ओबडधोबड होते, पण अंगाला लावता येते. वहिनींनी तसं केलं आणि नव्या वडीला 'रस्टिक' असं नाव देऊन प्रदर्शनात जुन्या वडीपेक्षा महाग विकली.

आपली स्वयंपाकघरं अंदाजावर चालतात, आणि मला त्याचा अभिमानच आहे. मीठ चवीपुरतं, पाणी पीठ घेईल तेवढं, गूळ लिंबाएवढा. लिंबू कोणाच्या झाडाचं, असं विचारणाऱ्याला स्वयंपाक येत नाही. गंमत अशी, की क्षार हा प्रकारही या घरांना नवा नाही. पापडात पापडखार पडतो. राखेनं भांडी घासली जात होती तेव्हा राखेतला क्षार आणि भांड्याचा ओशटपणा मिळून बोटांखाली कणभर साबण तयार होत असे, फक्त त्याचं लेबल कोणी छापलं नव्हतं. आणि आमच्या निपाणीकडचा माणूस तंबाखूला चुना लावून तळहातावर मळतो तेव्हा तोही क्षार वापरून निकोटीन मोकळं करत असतो. मला माझ्या अख्ख्या नोकरीत इतका नेमाचा प्रयोग करणारा विद्यार्थी भेटला नाही. पण हे सगळे क्षार सौम्य, नाहीतर मात्रेनं चिमूटभर. थोडं जास्त झालं तर पापड लाल होतो, तोंड भाजतं, भागतं. कॉस्टिक माफ करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिकलेला अंदाज त्याच्यापुढं कुचकामी ठरतो, आणि दहा माणसांचा स्वयंपाक डोळे मिटून करणाऱ्या बाईला ग्रॅमचा काटा आणावा लागतो, याचा राग मी समजू शकतो.

कधीकधी मात्र घरातलं ज्ञान उपयोगी पडलं असतं आणि नेमकं तेव्हाच ते आठवत नाही. एका काकूंना लेकीच्या हळदीसाठी पिवळाधमक साबण करायचा होता. कॉस्टिकच्या पाण्यात हळद पडली आणि सगळं विटेसारखं लाल झालं. "हळदीत भेसळ आहे सर!" हळद अस्सल होती म्हणूनच लाल झाली. हळदीला चुना दाखवला की ती लाल होते आणि त्यावरच कुंकू बनत आलं आहे. पुरावा काकूंच्या कपाळावर होता. मी तिकडे पाहिलं, त्यांनी आरशात पाहिलं, आणि भेसळीची तक्रार तिथंच मिटली.

दूध घालून साबण करणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. पांढराशुभ्र साबण हवा असतो आणि वडी निघते कुंद्याच्या रंगाची. बेळगावकरानं तरी याचं नवल करू नये. दूध आटवताना त्यातली साखर तापून रंग धरते म्हणून तर आपला कुंदा कुंदा होतो. कॉस्टिक पाण्यात पडल्यावर पाणी उकळीच्या जवळ जातं. त्यात दूध ओतलं तर साखर करपणारच. दूध आधी बर्फासारखं गोठवून त्यावर कॉस्टिक थोडा थोडा टाकला तर रंग बराच वाचतो. मध आणि गूळही साबणाला असाच ताप आणतात, कधी साच्यातून उतू घालवतात. आणि लवंगेचं तेल दातदुखीपुरतंच ठेवावं. ते चमचाभर पडलं की मिश्रण पातेल्यातच घट्ट होतं, पळीसुद्धा उभी राहते.

पातेल्यावरून आठवलं. ॲल्युमिनियमचं पातेलं साबणाला चालत नाही, हे सांगायला मला एरवी दोन समीकरणं मांडावी लागतात. बेळगावात 'इंडाल' एवढं म्हटलं की काम होतं. ॲल्युमिनियमची ही कंपनी आता हिंडाल्को झाली, तरी जुनी माणसं इंडालच म्हणतात. तिथं बॉक्साइटची माती दाबाखाली तापवलेल्या कॉस्टिकच्या द्रावणात मुरवतात; ॲल्युमिना विरघळून बाजूला येतो आणि लोखंडाचा तांबडा गाळ मागं उरतो. कार्ल बायर या रसायनशास्त्रज्ञानं १८८८च्या सुमारास ही रीत बसवली. दगडातला ॲल्युमिना जो विरघळवतो, तो पातळ पातेल्याला काय सोडणार? नुसतं भोक पडून भागत नाही, वर हायड्रोजन सुटतो आणि शेजारी गॅसची शेगडी पेटलेली असते. स्टील घ्यावं, नाहीतर जाड प्लास्टिक. खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचा. कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. अंगावर उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नये, नळाखाली हात धरावा आणि धरून ठेवावा. एवढं मी रागावून सांगतो. बाकी सगळं हसत.

पण टिळकवाडीतल्या साबणाचा खरा वैरी पाऊस. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, त्याची किंमत साबण भरतो. जून उजाडला की माझ्या व्हरांड्यात रांग लागते. पहिली तक्रार, साबणाला घाम येतो. येणारच. तेलाचा साबण होताना ग्लिसरीन सुटतं, घरच्या साबणात ते तसंच राहतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढला तर आणखी भिजतो. दुसरी तक्रार, वर पांढरी बुरशी आली. ती बुरशी नव्हे. ओतलेल्या साबणाच्या पृष्ठभागावर न संपलेला कॉस्टिक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि धुण्याचा सोडा तयार होतो. ओल्या फडक्यानं पुसला की गेला. पुढच्या वेळी साचा झाकून ठेवावा. तिसरी तक्रार आधीच्या वहिनींच्या उलटी: माप अगदी बरोबर घेतलं तरी साबण तेलकट, लिबलिबीत. इथं मी डब्याचं झाकण विचारतो. कॉस्टिक उघडा राहिला की तोही पाणी आणि हवा पीत बसतो. काट्यावर शंभर ग्रॅम भरतात, त्यात कॉस्टिक असतो पाऊणशे. काटा खोटं बोलत नाही, पण डब्यात काय आहे ते त्याला कोण सांगणार!

नारिंगी ठिपके मात्र पावसाळ्याची वाट पाहत नाहीत. सूर्यफुलाचं तेल भरमसाट घातलं, किंवा दिवाळीच्या तळणाचं उरलेलं तेल सत्कारणी लावलं, की काही महिन्यांत ते साबणात खवट होतं. अशा वडीनं भांडी घासावीत. काटकसर तिथं शोभते.

अलीकडे लेबलांवर 'केमिकल-फ्री' लिहायची साथ आली आहे. पाणी हेसुद्धा केमिकल आहे, हे वाक्य मी आयुष्यभर वर्गात बोललो, त्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही. क्षाराशिवाय साबण होत नाही. तयार बेस वितळवून गुलाबपाकळी टाकली तरी त्यातला कॉस्टिक कोणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात आधीच वापरलेला असतो. माप बरोबर असेल तर तो वडीत शिल्लक उरत नाही, एवढंच खरं आणि तेवढं पुरेसं. तेल आणि क्षार मिळून नेमकं काय घडतं ते मिशेल शेव्हरल या फ्रेंच माणसानं १८२३च्या ग्रंथात उलगडलं. तो १०२ वर्षं जगला. साबणामुळे, असं मी म्हणत नाही. पण लेबल छापणाऱ्यांना हे अजून कळलेलं दिसत नाही, म्हणून इथं हळूच सांगतो.

घरगुती साबण हे शहरी खूळ आहे, असं आमचे काही मित्र म्हणतात. त्यांना मी काँग्रेस विहिरीकडे फिरायला नेतो. डिसेंबर १९२४ मध्ये इथंच काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच ज्याचे अध्यक्ष झाले ते. आलेल्या माणसांना पाणी हवं म्हणून ही विहीर खोदली. दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी सांभाळलं आणि घाणीच्या तेलाबरोबर साबणही त्या उद्योगांत होता. पुढं खादी ग्रामोद्योगवाल्यांनी कडुनिंब, करंज, मोह अशा न खायच्या तेलांचा साबण चालवला. विचार बिनतोड होता: खायचं तेल खावं, करंजाचं अंगाला लावावं. वास मात्र त्या साबणाचा असा, की देशभक्तीशिवाय सहन होऊ नये.

साबण झाला की नाही ते कसं ओळखायचं, हा शेवटचा प्रश्न. फिनॉल्फथॅलीनचे थेंब टाकून गुलाबी रंग दिसला की लोक घाबरतात. चांगला साबणही क्षारधर्मीच असतो, तोही गुलाबी होतो. त्यापेक्षा ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावावं. बॅटरीसारखं टोचलं तर कॉस्टिक बाकी आहे. नुसती साबणाची घाण चव आली तर झाला. तरीही लगेच वापरू नये. रसायन एक-दोन दिवसांत आटोपतं, पण पाणी उडून वडी कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तेही वाऱ्यावर.

तेव्हा टिळकवाडीकरांनो, जूनमध्ये हौस आली तर ग्रॅमचा काटा विकत घ्या आणि गप्प बसा. कपिलेश्वर तलावात गणपती पोचवून आलात की दुसऱ्या दिवशी साबण ओता. अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत बरोबर दीड महिना असतो, पाऊसही हटत आलेला असतो. अभ्यंगाला वडी तयार. २०२० सारखा अधिक आश्विन आला तर आणखी एक महिना मिळतो, आणि साबणाला तो मानवतो.