बाटली कापा, पाऊस मोजा

फेब्रुवारीतली गोष्ट. बीडमध्ये एका स्टेशनरीच्या दुकानात रिफिल घ्यायला थांबलो होतो. जवळच्या खेड्यातून शाळेला येणारा नववीतला एक मुलगा आत आला. "काका, जलसुरक्षेचा प्रकल्प द्या." दुकानदाराने विचारलं, "कोणता पाहिजे? दुष्काळ का पुनर्भरण?" "कोणता बी द्या, उद्या जमा करायचाय." चाळीस रुपये देऊन त्याने छापील पुस्तिका घेतली. मजकूर तयार, चित्रं तयार, शेवटी निष्कर्षही तयार. नाव, इयत्ता आणि हजेरी क्रमांक एवढीच जागा मोकळी.

मी त्याला विचारलं, तुमच्याकडं उन्हाळ्यात पाणी कसं येतं रे? पोरगा जो सुरू झाला तो थांबेना. टँकर चौथ्या दिवशी येतो. आधी नळी कोण टाकणार यावरून भांडणं होतात. घरी दोनशे लिटरचे दोन ड्रम आहेत, तिसरा फुटलाय. आजी भांडी घासलेलं पाणी शेवग्याला घालते. घरात सहा माणसं. मी म्हटलं, कर बरं हिशेब. त्याने बोटांवर केला. चारशे लिटर, सहा माणसं, चार दिवस. माणशी रोजचे सतरा लिटरसुद्धा भरत नाहीत. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी रोजचे 55 लिटर धरले आहेत, हे मी त्याला सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "मग आमचं बाकीचं पाणी कुठं जातंय?"

प्रकल्प तो हाच. त्याला प्रश्न सापडला होता आणि हातात स्वतःच्या घरचा आकडा होता. तरी दुसऱ्या दिवशी शाळेत जमा झाली ती चाळीस रुपयांची पुस्तिका. तिच्यावर सही झाली असेल, श्रेणीही मिळाली असेल. बीड जिल्ह्यातल्या मुलाला दुष्काळ दुकानातून विकत आणावा लागतो, याची मला लाज वाटते.

माझ्या लेखी प्रकल्पाची खूण सोपी आहे. ज्याचं उत्तर गुरुजींनाही आधी माहीत नाही आणि जे एकट्या पोराच्याने होणार नाही, ते काम म्हणजे प्रकल्प. मोबाईल, टॅब, संगणक त्यात येतो तो मोजायला, नोंदवायला आणि दुसऱ्या टोकाला कळवायला. हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं, आणि आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी उलटाच झाला आहे.

2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि गावोगाव डिजिटल शाळांची लाट आली. लोकवर्गणी निघाली. ज्यांच्या घरात धड फ्रीज नाही त्यांनी शाळेच्या टीव्हीसाठी पाचशे-हजार दिले. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच पुढचं चित्र बघवत नाही. पोरं त्याच रांगेत, त्याच मांडीवर. पूर्वी फळ्याकडे बघायची, आता टीव्हीकडे बघतात. बोलायचं पूर्वीही नव्हतं, आताही नाही. टॅब आले ते कपाटात गेले. फुटला तर भरून कोण देणार, या भीतीने कपाटाला कुलूप लागलं. वीजबिल थकलं की जोडणी तुटते आणि मग टीव्हीवर कापड पडतं. यंत्र घेताना सगळ्यांनी किंमत विचारली. त्यावर पोरांनी करायचं काय, हे कुणी विचारलं नाही.

याच जिल्ह्यात विचारणारी माणसं आहेत. 2022 चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार बीड जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना मिळाला. एक आष्टी तालुक्यातल्या पारगाव जोगेश्वरीचे सोमनाथ वाळके, दुसरे गेवराई तालुक्यातल्या दामूनाईक तांड्यावरचे शशिकांत कुलथे. एका वर्षी, एका जिल्ह्यातून, दोघं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हे घडलं असतं तर चौकाचौकात फलक लागले असते. वाळके सरांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ उभा केला. गाणं मुद्रित करायचं म्हणजे एक गातो, एक पेटीवर, एक तबल्यावर, एकाचं लक्ष यंत्रावर. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या बाकावरचा हुशार पोरगा तिथे एकट्याच्या जोरावर तरून जात नाही. शेजाऱ्याचं नीट व्हावं यात आपला स्वार्थ आहे, हे पोराला उपदेशाने कळत नाही, असल्या कामात आपोआप कळतं. गटाने शिकणं म्हणतात ते हे. चार बाक जोडून मधे तक्ता ठेवला आणि एकाने लिहिलं, तिघांनी पाहिलं, याला मी गटकार्य म्हणत नाही.

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसलेंना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारा शिक्षक म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली, ती गोष्ट मला त्या कोडपेक्षा मोठी वाटते. कोड कुठेही चिकटवता येतो.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे स्टुडिओ नाही, इंटरनेट नाही. बरं. पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली तर आहे? सरळ बाजूंची घ्या. वरचा गळा कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ खालीवर असतो म्हणून थोडं पाणी भरून सपाट करा आणि तिथे शून्याची खूण करा. बाहेरून पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक. मोकळ्या जागेत ठेवा, झाडाखाली नको. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण हवामान खातंही साडेआठलाच वाचतं.

एका शाळेत हे करताना मी पाहिलं आहे. सातवीच्या चार पोरी बाटलीभोवती. एक म्हणाली बारा, दुसरी म्हणाली चौदा. "तू वरून बघतीस म्हणून तुला जास्त दिसतंय, खाली बस की." ती चिखलात गुडघे टेकून बसली, डोळा पाण्याच्या रेषेला आणला आणि म्हणाली, "बाराच हाय." तिसरीने फोटो काढला, चौथीने वहीत आकडा घातला. बाई शेजारी उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. डोळा पातळीत असावा हे विज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं आहे. त्या पोरी ते आता मरेपर्यंत विसरणार नाहीत, कारण ते त्यांना मैत्रिणीने भांडून शिकवलं.

आणि हा खेळ नाही. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनाम्याचा, मदतीचा विषय तिथून सुरू होतो. विमा कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारा पीकविम्याचा 'बीड पॅटर्न' 2020 मध्ये याच जिल्ह्यातून पुढे आला. पावसाचा आकडा आमच्या शेतकऱ्याच्या घरात भाकरीइतका महत्त्वाचा आहे. पण मंडळाचं यंत्र एका जागी असतं आणि पाऊस बांधाबांधावर वेगळा पडतो. बालाघाटच्या डोंगरावर पडतो, खाली सिंदफणेच्या काठाला ऊन असतं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने पाण्याचा जो मार खाल्ला, त्यानंतर तर प्रत्येक पारावर हीच चर्चा होती, आमच्याकडं किती पडला आणि यंत्रात किती दिसला. एका मंडळातल्या दहा शाळांनी दहा बाटल्या लावल्या, रोजचा आकडा एका सामाईक तक्त्यात टाकला, तर चार महिन्यांत त्या मंडळाचा पावसाचा नकाशा पोरांच्या हाताने तयार होतो. लागतं काय? शाळेमागे एक साधा मोबाईल. मुलांच्या बाटलीला सरकारदरबारी मान नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, खोटी आशा लावू नका. पण आपला आणि मंडळाचा आकडा का जुळत नाही, या एका प्रश्नात भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र तिन्ही आले.

इथवर कुठल्याही जिल्ह्याला लागू पडेल. बीडचं दुखणं पुढे आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, मुकादम दारात असतो, आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या फडात जातात. काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजीजवळ राहतात, काही कोपीत जातात. जूनमध्ये केलेला गट नोव्हेंबरात मोडतो. पाचातले दोघं गेलेले असतात. परत येतात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, तोवर वर्ष सरलेलं असतं. गटाने शिकवा असं सांगणाऱ्या कुठल्याही प्रशिक्षणात मी या रिकाम्या जागांचा उल्लेख ऐकलेला नाही.

तंत्रज्ञानाची खरी गरज मला इथे दिसते. जाणाऱ्या पोराच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतात, तसं गटाचं कामही द्या. त्याच्या बापाच्या खिशात फोन असतो. तो पोरगा फडातून आवाज मुद्रित करून पाठवील: मोळी किती किलोची, गाडीत किती टन बसला, वाढे कशाला विकले, कारखान्याच्या वजनकाट्यावर किती वेळ थांबावं लागलं. मागे राहिलेले तिघं तो आकडा फळ्यावर मांडतील. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, टनाला 273 रुपये 10 पैशांचे 366 झाले. सहावीच्या पोराला शेकडेवारी शिकवायला याहून जिवंत उदाहरण दाखवा. पुढे जा. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन तोडले, तर 732 रुपये. समजा उचल एक लाखाची. ती फिटायला 137 दिवस, तेही एक खाडा न करता आणि आठवड्याची खर्ची न धरता. कुणाच्या घरची उचल वर्गात विचारायची नाही, आकडा समजा म्हणूनच धरायचा. घरी जाऊन खरा आकडा घालायला पोरं शहाणी आहेत.

आणि मुख्य म्हणजे गेलेला पोरगा या गटात ओझं राहत नाही. माहिती त्याच्याकडे असते, बाकीचे त्याची वाट बघत असतात. शाळेत आपली वाट बघतात, हे कळलेला पोरगा मार्चमध्ये परत येऊन वर्गात बसतो. पट कायम ठेवायचा याहून भरवशाचा मार्ग मला माहीत नाही.

प्रत्यक्ष कामातून शिकण्याची ही कल्पना नवी असल्याचा माझा दावा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथे मुलं हातांनी करत शिकली आणि त्या हातांनी गावाची कामंही केली. महाराष्ट्राने ते कौतुकाने पाहिलं आणि आपली शाळा होती तशीच ठेवली.

शिक्षकांची बाजू मी जाणतो. माहिती भरा, फोटो पाठवा, लिंकवर नोंद करा, यातच दुपार होते. म्हणून वरच्या साहेबांना एक विनंती आहे. पाऊस मोजणाऱ्या शाळेकडून उपक्रमाचे फोटो मागू नका. फोटो गेला की उपक्रम संपतो, हे आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मागायचाच तर वर्षाअखेरीस पोरांचा तक्ता मागा, आणि त्यात एखादा दिवस रिकामा दिसला तर रागावू नका. रिकामा दिवस खरा असतो. छापील पुस्तिकेत एकही दिवस रिकामा नसतो.

गुरुजी, बाई, जूनच्या मध्याला शाळा भरेल. पहिल्या आठवड्यात एक बाटली कापा, चार पोरांच्या हवाली करा आणि मागे सरून उभे राहा. पहिल्या पावसाचा आकडा मला कळवा, सोबत तो वाचणाऱ्या पोरांची नावंही. या सदरात छापीन.