पाणी परत विहिरीत

चित्रकलेचा मास्तर निवृत्त झाला की गावाला तो दोनदाच आठवतो: गणपतीच्या मखराला आणि लग्नाच्या कमानीवर नावं घालताना. हल्ली ही दोन्ही कामं फ्लेक्सवाल्यानं नेली. त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर, आणि वरच्या खोलीत अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी भाडेकरू. अवसरी खुर्दला 2009 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, आणि कांदा-बटाट्याच्या या गावाला कॉट बेसिसचाही हिशेब कळू लागला.

या पोरानं मला टचडिझायनर दाखवलं. टोरांटोच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर. मैफलीत गायकामागं हलणारी चित्रं, माणूस समोर आला की रंग बदलणाऱ्या भिंती, असली कामं त्यात होतात. "सर, ह्यात कोडिंग नाही," तो म्हणाला. हे ऐकून मी खुर्ची जवळ ओढली.

कोड नाही हे खरं. त्याऐवजी डबे आहेत. एक डबा चित्र निर्माण करतो, दुसरा ते धूसर करतो, तिसरा रंग चढवतो. डाव्या डब्यातून तार ओढायची आणि उजव्याला जोडायची. चित्रांचे डबे जांभळे, आकड्यांचे हिरवे, घनाकारांचे निळे. हिरव्याची जांभळ्याशी थेट सोयरीक होत नाही. मधे एक मध्यस्थ डबा बसवावा लागतो. हा नियम आमच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

ही डबे-तारांची कल्पना कालपरवाची असेल असं मला वाटलं होतं. पण आयव्हन सदरलंड नावाच्या तरुणानं 1963 साली एमआयटीत प्रबंध लिहिला, त्यात प्रकाशाच्या पेननं पडद्यावर रेघ मारली की संगणक ती ओळखत होता. त्याचा थोरला भाऊ बर्ट. त्यानं 1966 साली त्याच संगणकावर, टीएक्स-2 नावाच्या यंत्रावर, पुढची पायरी गाठली: चित्र कशाला, आख्खा प्रोग्रामच काढून दाखवायचा. दोन भाऊ एका यंत्रावर बसले आणि वाटण्या झाल्या नाहीत, हे मला त्या शोधापेक्षाही विशेष वाटतं.

शिकण्याची सुरुवात सगळेच 'नॉइज' नावाच्या डब्यापासून करतात. तो ढगांसारखी करडी वळवळ तयार करतो. 1982च्या 'ट्रॉन' चित्रपटाचं काम केल्यावर केन पर्लिनला संगणकाची चित्रं फार गुळगुळीत वाटू लागली, म्हणून त्यानं गणितातून हा खडबडीतपणा काढला. त्याबद्दल 1997 साली त्याला तांत्रिक ऑस्करही मिळालं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांची शेडिंग खडबडीत आली की मी खोडायला लावत होतो.

एके संध्याकाळी शेजारचे आबा चहाला आले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"मास्तर, कुणाच्या रानातलं ठिबक काढलंय?"

"ठिबक नाही आबा, चित्र आहे."

"आसंल. पण हितनं पाणी येतंय, हा फिल्टर, हा कॉक. मग ही लाइन माघारी का वळीवली?"

तो फीडबॅक होता. तयार झालेलं चित्र जरा फिकं करून परत सुरुवातीला सोडायचं, म्हणजे नव्या चित्रामागं जुन्याची शेपटी राहते. सेकंदाला साठ वेळा हे चालतं. इथं काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 1. जुन्या चित्राला दर फेरीला 0.97 नं गुणलं तर मागं छान धूर रेंगाळतो. 1 नं गुणून नवं त्यात मिळवत राहिलं तर थोड्याच वेळात पडदा पांढराफटक. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी काढलेलं पाणी परत हिरीत सोडायचं."

"हो."

"आन् मोटारीचं बिल?"

विनोद बाजूला ठेवला तरी ते बरोबरच विचारत होते. ते बिल ग्राफिक्स कार्ड भरतं. पोराचा लॅपटॉप गेम खेळायला घेतलेला, म्हणून हे निभावतं. माझ्या लॅपटॉपचा पंखाच गरगरतो, चित्र जागचं हलत नाही.

मग पोरानं मायक्रोफोनचा हिरवा डबा लावला. आवाजाचा आकडा निघाला, तो भयंकर नाचरा, म्हणून मधे त्याला संथ करणारा डबा घातला आणि शेवटी वर्तुळाच्या त्रिज्येला जोडला. "आबा, काहीतरी बोला." आबांच्या घरी शर्यतीचा बैल. 2021च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. ते लॅपटॉपकडे वाकले आणि घाटात देतात तशी खणखणीत "भिर्रर्रर्र!" दिली. वर्तुळ पडद्याबाहेर गेलं. आतून आमची मंडळीही बाहेर आली.

मी मात्र तेव्हापासून थोडा अडचणीत आहे. नोकरीभर पोरांना सांगत आलो, चित्र पूर्ण करा, मगच कोपऱ्यात नाव घाला. या चित्राला पूर्ण होणं माहीत नाही. कोणी समोर नसेल तेव्हा ते एक ठिपका घेऊन बसून असतं. आबांनी आरोळी दिली तेव्हा ते जे झालं, ते माझं चित्र की आबांचं? नाव घालायचा कोपराही सारखा सरकतोय.

चित्रकाराच्या हाती संगणक शोभत नाही, असं काही जुने सहकारी म्हणतात. त्यांना मी र. कृ. जोशींचं नाव सांगतो. ते कवी आणि सुलेखनकार. विंडोजवरचा देवनागरी 'मंगल' फाँट त्यांचाच. मग ते विषय बदलतात.

ज्या चित्रकला शिक्षकांना हे शिकायचं असेल त्यांनी पैसे खर्चू नयेत. बिगरव्यावसायिक कामासाठी टचडिझायनर फुकट मिळतं. त्यात चित्र 1280 गुणिले 1280 ठिपक्यांपेक्षा मोठं होत नाही, पण आपल्याकडच्या चुना मारलेल्या भिंतीला तेवढं पुष्कळ झालं. फक्त नवी तार जोडण्याआधी फाइल सेव्ह करा, आणि मायक्रोफोन लावल्यावर आबांना जरा लांब बसवा.