द्वीपदर्शन

नवीन पनवेलच्या सिडको वसाहतीतील सुखवस्तू गृहस्थ जेव्हा मॉरिशसच्या सहलीचा बेत मुक्रर करतात, तेव्हा हप्त्यांची तजवीज, पारपत्राची शोधाशोध आणि चकल्यांची बेगमी यथासांग पार पडून, ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या, शामारेलची सप्तरंगी माती आणि पोर्ट लुईचा बाजार पाहिल्यावाचून जन्म व्यर्थ होय, असा त्यांचा दृढ निश्चय झालेला असतो. उरण नाक्यावरच्या मासळीबाजारात नाकाला रुमाल लावणारी हीच मंडळी परद्वीपी त्याच गंधास ‘स्थानिक संस्कृती’ मानून दीर्घ श्वास घेतात, आणि तेथे गणेशचतुर्थीची सरकारी सुटी असते हे कळताच सद्गदित होतात. ती पाळणाऱ्यांचे पूर्वज गिरमिटावर गेलेले कोकणातले मजूर होते, हा तपशील अर्थातच सहलीच्या दरपत्रकात नसतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, घारापुरी नावाचे एक बेट आहे. १९८७ साली तेथील लेण्यांस जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु समुद्राखालून तार टाकून बेटावरील गावांत कायमची वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडावे लागले. तेथे जाण्यास पारपत्र लागत नाही, हेच बहुधा त्या बेटाचे न्यून असावे. सोमवारी लेणी बंद असतात. इच्छुकांनी वार पाहून निघावे.